महालचा आकडा : ४४००३२

गांधी गेटातून आत शिरावे, बडकस चौकाकडे निघावे आणि दुकानांच्या पाट्या वाचत जाव्यात. दुकान साड्यांचे असो, पूजासाहित्याचे असो की चष्म्यांचे, पाटीच्या शेवटच्या ओळीत एकच आकडा भेटत राहतो : ४४००३२. जुन्या लेटरहेडवर तो ‘महाल, नागपूर-३२’ एवढाच असे. हा महालचा पिनकोड. पत्त्याचा भाग म्हणून तो रोज लिहिला जातो. पण चार लाख चाळीस हजार बत्तीस ही एक पूर्ण संख्याही आहे. तिला स्वतःची घडण आहे, स्वभाव आहे, कुळ आहे. मन लावून वाचली तर ही संख्या भरभरून देते.

आधी तिची जन्मकथा. देशात पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृतात कविता करणारे कवीही होते. त्यांच्या आराखड्यात सहा अंकांपैकी प्रत्येकाला नेमून दिलेले काम आहे. पहिला ४ पश्चिमेकडच्या विभागाचा. ४४ म्हटले की विदर्भ आला. ४४० म्हणजे नागपूर शहर. शेवटचे तीन अंक टपाल कार्यालयाचे : शहराच्या मुख्य टपाल कार्यालयाला ४४०००१ आणि महालला ४४००३२. शेवटच्या तीन अंकांची मोजणी ००१ पासून सुरू होते, ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुढे तिचे मोठे काम पडणार आहे.

अशा संख्येकडे कसे पाहावे, याचे धडे महाराष्ट्राला एका शाळामास्तरांनी दिले. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. बेरीज, वजाबाकी आणि अंकांची उलटसुलट मांडणी एवढ्याच हत्यारांनिशी ते संख्यांपाशी जात आणि जे सापडे ते छोट्या पुस्तिकांतून स्वतःच छापत. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा देवळालीचे हे काम जगभर पोचले. आपणही तीच साधी हत्यारे घेऊन महालच्या आकड्यापाशी बसू.

प्रथम डोळ्यांना दिसते ती मांडणी. दोन-दोन अंकांच्या तीन जोड्या : ४४, ००, ३२. टोकांना भरीव जोड्या आणि मध्ये दोन शून्यांची मोकळी जागा. ही जागा शोभेपुरती ठेवलेली नाही, तिच्याकडे काम आहे. संख्येचे निम्मे करा, २२००१६ येते. पुन्हा निम्मे करा, ११०००८. डावीकडे ४४, २२, ११ आणि उजवीकडे ३२, १६, ८. दोन्ही टोके एकाच वेळी, एकमेकांना धक्का न लावता निम्मी होत जातात, कारण मधली शून्ये त्यांना वेगळी ठेवतात. तिसऱ्या वेळी ११ विषम निघतो. त्यातला उरलेला एक शून्याच्या जागेत उतरतो आणि ५५००४ तयार होते. मग २७५०२, मग १३७५१, आणि इथे निम्मे करणे संपते. कोरी वाटणारी मधली जागा एका सुबक हालचालीला वाव देते, आणि ती हालचाल पाहताना संख्या लिहिणाऱ्याचा हात दिसल्यासारखे वाटते.

पाच वेळा निम्मे करणे म्हणजे ३२ ने भागणे. आता संख्येच्या शेवटी पाहा : तिथेही ३२ च आहे. ४४००३२ बरोबर ३२ गुणिले १३७५१. शेवटी दिसणारे अंक आणि पोटात दडलेला अवयव एकच असावेत, हे प्रथम नवलाचे वाटते. पण थोडे उकलले की कारण सापडते. ४४०००० मध्ये ३२ बरोबर १३७५० वेळा बसतात आणि उरलेले ३२ आणखी एकदा, म्हणून १३७५१. यापुढेही एक बारीक जागा आहे. ४४०००० ला ६४ नेही नि:शेष भाग जातो. मग पूर्ण संख्या ३२ वरच का अडते? कारण शेवटच्या ३२ ला ६४ ने भाग जात नाही. संख्या किती वेळा निम्मी होणार हे तिच्या शेवटच्या दोन अंकांनीच ठरवले आहे. ‘नागपूर-३२’ लिहिणारा कारकून नकळत संख्येचा सगळा सम भाग लिहून मोकळा होत होता, ही गोष्ट मला फार आवडते.

उरला तो गाभा, १३७५१. त्याला भागून पाहू लागलो तर २, ३, ५, ७ पासून ११३ पर्यंतच्या तीसही मूळ संख्या हात टेकतात. १३७५१ चे वर्गमूळ ११७ च्या जरासे पुढे आहे, म्हणून त्याहून पुढे तपासायची गरज नाही. १३७५१ ही मूळ संख्या आहे. तिचा चेहरामोहराही पाहण्यासारखा आहे : १, ३, ७, ५, १, सगळे अंक विषम. उलट ४४००३२ मध्ये ३ हा एकटाच विषम अंक आणि बाकीचे पाच सम. बाहेरून जवळपास सम दिसणाऱ्या संख्येच्या गाभ्यात एकही सम अंक नसलेली मूळ संख्या बसली आहे. अजून एक पाऊल टाका. १३७५१ उलटी लिहा : १५७३१. हीही मूळ संख्या. आणि ती एकटी येत नाही. १५७३१, १५७३३, १५७३७, १५७३९ या चारही मूळ संख्या आहेत. ५ च्या पुढे, एकाच दशकात १, ३, ७, ९ या चारच अंकांनी मूळ संख्या संपू शकतात, आणि इथे चारही जागा भरल्या आहेत. दशकात याहून अधिक मूळ संख्या मावतच नाहीत. महालच्या आकड्याचा गाभा आरशात धरला की इतके भरलेले दशक समोर येते, हे पहिल्यांदा ताडून पाहताना मी शेवटचा भागाकार पुन्हा एकदा केला, केवळ आनंदासाठी.

अवयव कळले की विभाजक मोजता येतात. दोनाचे पाच घात आणि एक मूळ संख्या, म्हणजे एकूण बारा विभाजक : १, २, ४, ८, १६, ३२ आणि १३७५१, २७५०२, ५५००४, ११०००८, २२००१६, ४४००३२. सहा चिमुकले, सहा मोठे, आणि ३२ ते १३७५१ यांच्यामध्ये एकही नाही. विभाजकांची यादी अशी दोन टोकांना एकवटलेली आहे. गोंड राजा बख्त बुलंद शाह यांनी १७०२ मध्ये नागपूर वसवले ते बारा वाड्या एकत्र करून, हे नागपूरकरांना सांगायला नको. बाराला बारा जुळणे हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यामागे कारण शोधू नये. पण शहराच्या जुन्या वस्तीच्या आकड्यात तोच बारा निघावा, याचे समाधान नाकारण्याचेही कारण नाही.

आता अंकांच्या पलीकडे जाऊन संख्येचा स्वभाव पाहू. दोन वर्गांची बेरीज म्हणून ४४००३२ लिहिता येत नाही. १३७५१ ला ४ ने भागले तर ३ उरतात, आणि अशी मूळ संख्या अवयवांत एकदाच आली की दोन वर्गांचा मार्ग बंद होतो. मात्र तीन वर्गांचा मार्ग खुला आहे. कोणत्या संख्यांना तो खुला असतो हे फ्रेंच गणिती लजांद्र यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस सांगितले. शोधायला बसले की एक सुरेख उत्तर मिळते : ६६० चा वर्ग, ५६ चा वर्ग आणि ३६ चा वर्ग. ४३५६०० अधिक ३१३६ अधिक १२९६ बरोबर ४४००३२. नीट पाहा, ६६०, ५६ आणि ३६ या तिन्हींना ४ ने भाग जातो. तसे व्हावेच लागते. तीन वर्गांच्या बेरजेला ४ ने भाग जात असेल तर तिन्ही संख्या सम असाव्या लागतात. इथे १६ ने भाग जातो, म्हणून तोच नियम दोनदा लागू होतो. त्यामुळे ४४००३२ चे तीन वर्गांत जेवढे म्हणून विघटन सापडेल, त्यातल्या प्रत्येक संख्येला ४ ने भाग जाणार. शेवटच्या ३२ चा हात वर्गांपर्यंत पोचतो, आणि एकाच कारणाची दोन कामे पाहून कोणाही रसिकाची मान डोलावी.

इथवरची बरीचशी वैशिष्ट्ये संख्येची आहेत, लिपीची नाहीत. दहाऐवजी बाराच्या पटीत मोजणाऱ्या लोकांनाही १३७५१ मूळच वाटली असती. पण कापरेकरांचा ओढा अंकांकडे होता, आणि त्यावर गणितातली एक नामवंत हरकत आहे. इंग्रज गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण घेतले. चार अंकी संख्यांपैकी या दोनच आपल्या उलट रूपाच्या पटीत आहेत : ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट. अशा गोष्टी कोड्यांच्या सदराला शोभतील, गणितज्ञाच्या लेखी त्यांना मोल नाही, असा हार्डींचा निर्वाळा. मला वाटते, अंकांच्या खेळातही खोल कारण सापडू शकते; ते शोधण्याची चिकाटी मात्र हवी. महालचा आकडा त्याची साक्ष देतो.

पहिली कसोटी हर्षद संख्येची. जिला आपल्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद म्हटले. रामानुजन यांची १७२९ हर्षद आहे : अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ बरोबर १७२९. मुख्य टपाल कार्यालयाचा ४४०००१ ही हर्षद : बेरीज ९, आणि ९ गुणिले ४८८८९. ४४००३२ च्या अंकांची बेरीज १३ येते. तेराने भागले की ८ उरतात. महाल हर्षद नाही. रसग्रहणात हे लपवण्याचे कारण नाही. सगळेच गुण एका संख्येत असते तर तिला स्वतःचा चेहरा राहिला नसता. आणि याच १३ ला पुढे कुळाच्या गोष्टीत जागा मिळणार आहे.

दुसरी कसोटी कापरेकरांच्या नावाने जगभर ओळखली जाते. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. कापरेकरांना हे १९४६ मध्ये सापडले आणि १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडले. सहा अंकी संख्यांना असे एकच मुक्कामाचे ठिकाण नाही. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर, आणि काही सात संख्यांच्या चक्रात फिरत राहतात. महालचा आकडा कुठे जातो?

४४३२०० मधून ००२३४४ वजा करा : ४४०८५६. पहिल्याच वजाबाकीत सगळे ढवळले जायला हवे होते, पण पहिले तीन अंक जसेच्या तसे राहिले. ४४० जागेवर आहे. संख्येने अजून नागपूर सोडलेले नाही. पुढे ८२०८७२, मग ८६४४३२. इथे क्षणभर थांबावे. ८६४४३२ आपोआपच उतरत्या क्रमात आली आहे, मांडायचे काही उरत नाही, सरळ वजाबाकीच. मग ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४ आणि सातव्या पायरीला ४२०८७६. ही त्या चक्रातली संख्या आहे : ४२०८७६, ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि पुन्हा ४२०८७६. आता सहाव्या पायरीवरची ६५२६४४ चक्रातल्या ६४२६५४ शेजारी ठेवा. अंक तेच, क्रम वेगळा. ६५२६४४ चक्रात नाही, पण चक्रातल्या संख्येचेच अंक घेऊन ती दारात उभी राहिली, म्हणून पुढच्या पावलाला आत गेली. चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत थांबते; महालची संख्या सात पायऱ्यांनी सातांच्या फेऱ्यात शिरते आणि मग कधीच थांबत नाही. कागदावर हा प्रवास उतरवताना प्रत्येक वजाबाकीनंतर पुढे काय येईल याची उत्सुकता वाढत जाते, हे या कसोटीचे खरे देणे.

तिसरी कसोटी मला सर्वांत प्रिय आहे, आणि महालचा आकडा तिथे आपले खरे रूप दाखवतो. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. येते ती तिची संतती. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २४ चा जनक २१. काही संख्यांना जनकच नसतो. २० घ्या, ३१ घ्या : कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून तिथे पोचता येत नाही. या स्वयंभू संख्या, कापरेकरांचा लाडका विषय. मग ४४००३२ चा जनक कोण? ४४००२१ मध्ये तिच्या अंकांची बेरीज ११ मिळवा : ४४००३२. जनक सापडला. पण शोध इथे थांबवू नये. थोडे मागे जाऊन ४३९९९४ घ्या. अंकांची बेरीज ३८. मिळवा : पुन्हा ४४००३२. महालला दोन जनक आहेत. अशा संख्यांना जंक्शन संख्या म्हणतात. त्यांतली सर्वांत लहान १०१ : ९१ अधिक १० आणि १०० अधिक १.

नागपूरकराला जंक्शन समजावून सांगावे लागत नाही. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे लोहमार्ग आपल्या स्टेशनाशी एकमेकांना छेदतात. संख्येचे दोन्ही मार्गही तसेच दोन दिशांनी येतात. एक ४३९९२५, ४३९९५७, ४३९९९४ असा धावत येतो. त्याच्या ढांगा ३२, ३७, ३८ अशा लांब. दुसरा ४४००११ पासून निघतो, ४४००२१ वर येतो आणि सावकाश १०, ११ अशी पावले टाकत ४४००३२ ला पोचतो. आरंभीची ४४००११ तर स्वयंभू आहे; तिच्यामागे कुणीच नाही. मात्र रेल्वेत आणि संख्येत एक फरक आहे, आणि तोच मर्माचा. रूळ छेदून आपापल्या दिशेला निघून जातात. संख्यांचे मार्ग एकदा भेटले की पुन्हा वेगळे होत नाहीत. हर्षद कसोटीत नापास झालेली १३ ही बेरीज इथे दोघांना मिळून पुढे नेते : ४४००४५, मग ४४००६२, मग ४४००७८. वेगवेगळ्या चालीच्या दोन वाटा महालात येऊन कायमच्या एक होतात.

हे का घडते? उत्तर ४४०००० या उंबरठ्यावर आहे. त्याच्या अगदी अलीकडच्या संख्यांत नवांची गर्दी असते, म्हणून अंकांची बेरीज मोठी आणि झेप लांब. ४३९९९९ ची बेरीज ४३, म्हणजे ती उडी मारून ४४००४२ वर पडते. उंबरठ्यापलीकडे शून्ये सुरू होतात, बेरीज एकदम घसरते : ४४०००० ची फक्त ८, म्हणून तिची झेप ४४०००८ पर्यंतच. परिणामी ४४०००८ ते ४४००४२ या पस्तीस संख्यांच्या पट्ट्यात अलीकडच्यांच्या लांब उड्या आणि पलीकडच्यांची आखूड पावले एकाच जमिनीवर पडतात. पट्टा मोजून पाहिला तर पस्तीसांपैकी तेवीस संख्या जंक्शन निघतात, दहांना एकेक जनक मिळतो आणि दोघी स्वयंभू राहतात : ४४००११ आणि ४४००३९. त्या दोघींतली पहिली आपल्याच आकड्याची पूर्वज. गर्दीच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंची पावले चुकवून जी कोरी राहिली, तिच्याच वंशात पुढे दोन जनकांची संख्या यावी, यात जुळणीचे सौंदर्य आहे.

हीच युक्ती वाढवत नेली की कापरेकरांच्या मोठ्या शिकारी समजू लागतात. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या म्हणजे एकावर बारा शून्ये आणि शेवटी पुन्हा एक. चार जनकांसाठी पंचवीस अंकांपर्यंत जावे लागते : एक, मग एकवीस शून्ये, मग १०२. ही कापरेकरांनी शोधली. तिच्याही मुळाशी असाच उंबरठा आहे. दोन जनक अलीकडून येतात, दोन पलीकडून. महालमध्ये एकेक येतो, तिथे दोन-दोन, एवढाच फरक. देवळालीच्या वर्गखोलीनंतरच्या वेळात, संगणकाशिवाय, पंचवीस अंकांच्या अरण्यातून नेमकी ती एक संख्या उचलायची तर आधी कारण सापडलेले असावे लागते. चाचपडत तिथे कुणी पोचू शकत नाही. हार्डींच्या हरकतीला माझ्या लेखी हे पुरेसे उत्तर आहे.

आणि आता वेलणकरांच्या आराखड्याकडे वळू. टपाल कार्यालयांची मोजणी ००१ पासून सुरू केली, म्हणून प्रत्येक शहराचे पहिले पिनकोड तीन शून्यांच्या उंबरठ्याला लागूनच पडतात, नेमके दोन्हीकडची पावले पडतात त्या पट्ट्यात. मुंबईत दादरचे दोन्ही आकडे घ्या. ४०००१४ चे जनक ४००००५ आणि ३९९९६९. ४०००२८ चे जनक ४०००२१ आणि ३९९९८५. रेल्वेचे दादर दोन्ही अंगांनी जंक्शन, आणि टपालाचेही. नागपुरात धरमपेठेचा ४४००१० हाही जंक्शन, आणि त्याचा एक जनक खुद्द मुख्य टपाल कार्यालयाचा ४४०००१. पुण्याच्या सदाशिव पेठेचा ४११०३० मात्र एकाच जनकाचा, ४११०२१ चा. उंबरठ्याअलीकडची कोणतीही उडी नेमकी तिथे पडत नाही. पत्रे लवकर पोचावीत म्हणून आखलेल्या व्यवस्थेने देशभरातल्या शहरांना जंक्शन संख्यांच्या पट्ट्यात नेऊन बसवले, आणि त्याचे कारण देवळालीच्या मास्तरांच्या बेरजेत आधीच हजर होते.

म्हणून महालचा आकडा दुर्मीळ आहे असा दावा मी करणार नाही. पस्तीसांत तेवीस जंक्शन असताना तो टिकणारही नाही. ४४००३२ ची थोरवी याहून निराळी आहे : तिच्यात दिसणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नवलाला कारण आहे, आणि ते कारण शाळकरी गणिताने, कागद-पेन्सिलीने हाती लागते. शेवटचे ३२ संख्येचा सम भाग ठरवतात, तेच वर्गांना चारच्या पटीत बांधतात, मधली शून्ये निम्मे होण्याला जागा देतात आणि तीच शून्ये दोन जनकांना एकत्र आणतात. आपला पिनकोड घ्यावा. सहा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही, म्हणून जनक शोधायला चोपन्न पावलांपलीकडे मागे जावे लागत नाही. एक सापडला तर पुढे शोधत राहावे, दोन सापडले तर का सापडले ते विचारावे, आणि एकही सापडला नाही तर आपण एका स्वयंभू संख्येच्या पत्त्यावर राहतो हे अभिमानाने सांगावे.